नोराबाईंचं काचघर

मी सध्या आयर्लंडमध्ये रिंगास्किडीला, कॉर्कच्या बंदराजवळ, एका औषधाच्या कारखान्याच्या गोदामात काम करतो. अंगात पांढरा कोट, डोक्यावर जाळीची टोपी, हातात निळे मोजे. आत कुठलाही वास नाही. वास आलाच तर तो दोष समजतात आणि त्याचा फॉर्म भरावा लागतो. काम चांगलं आहे, माणसं चांगली आहेत, तक्रार काहीच नाही. पण दुपारी मागच्या दारातून जरासं ऊन आत आलं, की मला हमखास ओल्या पीटचा, म्हणजे रोपांच्या काळ्या मातीचा, वास आल्यासारखा वाटतो आणि हातातलं लेबल तसंच धरून मी उभा राहतो.

२०१४ ते २०१९ ही वर्षं मी पोर्टलीशजवळ नोराबाईंच्या काचघरात रोपं लावली. आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी "आपल्या कामाविषयी लिहा" असं आलं, तेव्हा बाकीच्यांनी सॉफ्टवेअर आणि हॉस्पिटल आपसात वाटून घेतलं. गोदामाबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. काचघराबद्दल मात्र आहे, आणि त्यातलं एक आजवर मी तिघांशिवाय कुणाला सांगितलेलं नाही.

आधी थोडं माझ्याबद्दल. मंचरजवळ माझी रोपवाटिका होती. टोमॅटो, कोबी, फ्लॉवर, मिरची. शेतकरी ट्रेच्या ट्रे न्यायचे. माझी बायको मधुरा डॉक्टर. तिला पोर्टलीशच्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो आणि मुलगी इरा नऊ. रोपवाटिका धाकट्या भावाच्या हातात दिली आणि आलो. इथे कामाची परवानगी मिळेपर्यंत आठ महिने गेले. त्या आठ महिन्यांत मी पोळ्या करायला शिकलो. चांगल्या व्हायच्या, पण पोळीला मूळ फुटत नाही.

एकदा पुदिन्याचं रोप आणायला म्हणून गावाबाहेरच्या रस्त्याने गेलो आणि पाटी न लावलेलं एक जुनं काचघर दिसलं. आत लांबच लांब टेबलं, त्यावर रोपं. दारात एक उंच बाई गुडघ्यापर्यंतचे पुरुषी गमबूट घालून उभ्या होत्या. वय सत्तरीकडे झुकलेलं. त्या नोराबाई. इंग्रजीत सगळ्यांना एकच "यू", पण माझ्या मनात त्या पहिल्या दिवसापासून अहो-जाहोच राहिल्या. मी पुदिना घेतला आणि काम आहे का विचारलं. त्यांनी माझ्या शिक्षणाचं काही विचारलं नाही. बोटाएवढ्या रोपांनी भरलेला एक ट्रे पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "ही सुटी करून त्या कुंड्यांत लाव."

मी एकेक रोप पानाला धरून उचललं. आमच्या धंद्यात ही पहिली परीक्षा. नवखा माणूस रोप देठाला धरतो आणि चिमटीत देठ चेपला की रोप संपलं. पान गेलं तर दुसरं येतं, देठ मात्र एकच असतो. आठ-दहा रोपं झाल्यावर नोराबाई म्हणाल्या, "सोमवारी आठला ये."

त्यांना मूलबाळ नव्हतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. गमबूट त्याचेच. बहिणीचा मुलगा डेक्लन त्यांच्याबरोबर काम करायचा. चौतीस-पस्तिशीचा, रुंद खांद्यांचा, सतत शीळ घालणारा. काचघर पुढे त्यानेच चालवायचं हे ठरलेलं होतं. तो मला विल म्हणायचा, कारण विलास म्हणताना त्याचा शेवटचा 'स' कुठेतरी हरवायचा.

डेक्लनबद्दल आधी चांगलं सांगतो, कारण ते खरं आहे. आमच्या पहिल्याच हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ गोठून काच झाली होती आणि मधुराला ड्युटीवर जायचं होतं. सकाळी सातला दारात ट्रॅक्टर. डेक्लन स्वतःहून आला होता. मधुरा साडी-स्वेटर-कोट अशा अवतारात ट्रॅक्टरवर बसून हॉस्पिटलला गेली आणि तिथले लोक पुढे वर्षभर तिला त्यावरून चिडवत होते. इराला कमोगीची पहिली काठी त्याने दिली. कमोगी म्हणजे मुलींचा इथला काठी-चेंडूचा खेळ. दर शनिवारी तोच तिला मैदानावर न्यायचा. "बाबा, डेक्लन इज ग्रँड," ती म्हणायची. मी मराठीत विचारायचो, ती असं इंग्रजीत उत्तर द्यायची, तेही पोर्टलीशच्या हेलात. इथे झकासलाही ग्रँड आणि ठीक आहेलाही ग्रँडच.

काचघरात अकराला चहा. वर पावसाचा आवाज, कोपऱ्यात रेडिओ. स्थानिक रेडिओवर रोज सकाळी कोण वारलं ते वाचून दाखवतात. तेवढ्यापुरता नोराबाई आवाज मोठा करायच्या आणि आम्ही सगळे गप्प. एखादं नाव ओळखीचं निघालं की त्या "अरे देवा" म्हणून बिस्किट कपात बुडवायच्या. मला त्यातलं एकही माणूस माहीत नसायचं. तरी पाच वर्षांत मला ती आडनावं पाठ झाली. आता गाडीत कॉर्कचा रेडिओ लागतो, ती नावं परकी वाटतात.

आता ठिणगी कुठे पडली ते. २०१५च्या उन्हाळ्यात डेक्लन टोमॅटोच्या रोपांवर वरून पाइपने पाणी मारत होता. मी म्हटलं, "पानांवर नको, मुळाशी दे. आणि रोज नको." दोन गिऱ्हाइकं उभी होती. डेक्लन हसत म्हणाला, "विल, इथे भारतातलं ऊन नाहीये रे!" गिऱ्हाइकं हसली. नोराबाईही हसल्या. झालं एवढंच. त्याच्या मनात काही नव्हतं, पाच मिनिटांत तो विसरला. मी विसरलो नाही. वीस वर्षं मी माझ्या रोपवाटिकेचा मालक होतो, शेतकरी लांबून विचारायला यायचे. त्या दिवशी घरी येऊन मी मधुराला म्हटलं, "आजपासून सांगितलेलं काम करायचं. तोंड उघडायचं नाही."

"बरं," ती म्हणाली. "पण तुला ते जमणार नाही."

मला ते जमलं. फार वाईट पद्धतीने जमलं.

२०१६च्या सुरुवातीला नोराबाईंनी हेम्पचा परवाना काढला. भांगेच्याच कुळातली, पण नशा जवळजवळ नसलेली जात. बियांसाठी लावतात, तेल काढतात, पक्ष्यांना घालतात. फुलझाडांचा धंदा मोठ्या दुकानांनी खाल्ला होता आणि काचघर टिकवायचं तर काहीतरी नवीन हवं होतं. आसपासच्या शेतकऱ्यांना बी पुरवायचं, असा बेत. बी उत्तरेकडच्या थंड देशातून आलं होतं, अगदी थोडं. त्यापासून आधी आपल्याच काचघरात झाडं वाढवून पहिलं बी धरायचं. डेक्लनने हे सगळं शोधून काढलं होतं. त्याच्या खिशात कायम त्या जातीची माहिती लिहिलेला घडी घातलेला कागद असायचा. पहिल्यांदाच काहीतरी त्याचं स्वतःचं होतं.

मंचरला आईला फोनवर सांगितलं तर ती घाबरली. "आरं, हितं लोकं इचारत्यात, इलास काय करतुय म्हून. आता काय सांगू, परदेशात जाऊन भांग लावतुय?"

"आई, सरकारचा कागद आहे."

"कागद आसंल, पर झाड त्येच न्हवं?"

झाड तेच दिसत होतं, ही अडचण खरीच होती. पानांना आकार आल्यावर कुणीतरी गिऱ्हाइकाने कळवलं आणि एक गार्डा, म्हणजे इथला पोलीस, येऊन उभा राहिला. त्याने परवाना दोनदा वाचला. "म्हणजे याने काहीच होत नाही?" त्याने विचारलं. "काहीच नाही," नोराबाई म्हणाल्या, "पण तुझ्या आईला झेंडू हवे होते ना?" गार्डा झेंडूचा ट्रे घेऊन गेला.

आता ज्यांनी कधी रोप लावलं नाही त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगायला हव्यात, नाहीतर पुढचं कळणार नाही.

या कुळातली बहुतेक झाडं दिवस लहान होईपर्यंत थांबतात आणि मग फुलतात. ही जात थांबत नाही. ती स्वतःचं वय मोजते. बी रुजल्यापासून चार आठवडे झाले की फुलायला लागते, मग झाड छातीएवढं असो की वीतभर. म्हणून तिला पहिल्या चार आठवड्यांत एकही दिवस वाया घालवायला सवड नसते. दुसरं रोप रुसलं तर आठवडाभर रुसेल आणि मग वाढेल. ही रुसली की संपली. आमच्याकडे फ्लॉवरचं असंच होतं. रोप ट्रेमध्ये जास्त दिवस राहिलं, मुळं कोंडली, की गड्डा बटणाएवढा धरतो. शेतकरी मग तो गड्डा घेऊन भांडायला येतो. त्यामुळे मला हे झाड नवीन होतं, पण त्याचा स्वभाव नवीन नव्हता.

आणि दुसरी गोष्ट पाण्याची. मुळांना पाणी लागतं तितकीच हवा लागते. माती ओली आहे पण चिखल नाही, तिच्यात ओल आणि हवा दोन्ही आहेत, त्या अवस्थेला आपण वाफसा म्हणतो. इंग्रजीत त्याला शब्द मिळाला नाही. लहान रोप मोठ्या कुंडीत लावून कुंडी भरभरून पाणी दिलं, तर तेवढं पाणी प्यायला मुळंच नसतात. माती थंड आणि गच्च होते, मुळं गुदमरतात, पानं खाली वाकतात. नवखा माणूस पानं वाकलेली बघतो आणि म्हणतो, अरे, तहान लागली. आणि परत पाणी देतो. तहानलेलं पान ओल्या कागदासारखं मरगळतं, पाण्याने गुदमरलेलं पान फुगीर असतं आणि कमानीसारखं वाकतं. हात लावला की कळतं.

डेक्लनने बी लहान खणांच्या ट्रेमध्ये पेरलं. एप्रिल थंड होता, म्हणून मोठं काचघर तापवण्याऐवजी रोपं जवळजवळ तीन आठवडे त्या ट्रेमध्येच ठेवली. मग ओढून काढली. खालची मुळं तुटून ट्रेला राहिली, मी पाहिलं. सगळी रोपं बादलीएवढ्या कुंड्यांत गेली, अंगठ्याने माती दाबली गेली, आणि रोज सकाळी शीळ घालत पाइपने पाणी. विहिरीचं, बर्फासारखं गार. दीडशे कुंड्या.

तिसऱ्या दिवशी मी एका पानाला हात लावला. फुगीर होतं, कमानीसारखं वाकलेलं. मला कळलं.

आणि मी बोललो नाही.

कुणी म्हणेल, मला भीती वाटली असेल, नोकरीची काळजी असेल. तसं लिहिणं सोपं आहे. खरं सांगायचं तर आतून मला बरं वाटत होतं. भारतातलं ऊन नाहीये ना? बघा आता. रोज मी त्या कुंड्यांवरून माझ्या पिटुनियाच्या फुलझाडांकडे जायचो आणि रोज तिथल्या तिथे गप्प राहायचो.

त्याच आठवड्यात रविवारी लिमरिकहून निखिल आला. हा एक तरुण सॉफ्टवेअर इंजिनिअर, पुण्याचा. आमच्या काचघरात आयर्लंडभरातून मराठी मंडळी यायची, कुणाला तुळस हवी, कुणाला मिरची. निखिलने दोन तास गाडी चालवून कढीपत्त्याचं आजारी रोप आणलं होतं. कुंडीत एक यंत्र खुपसलेलं, ते त्याच्या फोनला ओल कळवायचं. बरोबर साताऱ्याहून आलेली त्याची आई.

"काका, ॲप म्हणतं त्याप्रमाणे मी एक्झॅक्ट पाणी देतो. तरी पानं गळतायत."

त्याची आई म्हणाली, "सारखं त्येच्या उशाशी बसतंय वो ह्ये. मी म्हनलं, बाबा, त्याला जरा एकटं सोड की."

"आईचंच ऐक," मी म्हटलं, आणि मग मला बोलताना भानच राहिलं नाही. एवढ्या दिवसांचं कोंडलेलं. मुळं कशी गुदमरतात, वाफसा म्हणजे काय, कुंडी उचलून वजनावरून पाणी कसं ओळखायचं, पाणी आदल्या दिवशी भरून कोमट कसं होऊ द्यायचं, सगळं. रोप कुंडीतून काढून काळी पडलेली मुळं दाखवली. त्याची आई मान हलवत होती, निखिल टिपून घेत होता, मध्येच तिघंही खूप हसलो. आणि आमच्यापासून दोन टेबलं पलीकडे डेक्लन हेम्पला पाणी घालत होता. मी सगळं मराठीत बोलत होतो.

ते गेल्यावर त्याने पाइप बंद केला आणि जवळ आला. "काय सांगत होतास रे त्यांना? केवढे हसत होते."

त्याच्या चेहऱ्यावर निव्वळ कुतूहल होतं. काहीतरी मजेचं आपल्यालाही ऐकायला मिळेल, अशी आशा. सांगायला दोन वाक्यं पुरली असती. तेव्हाही वेळ गेली नव्हती. निदान निम्मी झाडं वाचली असती.

"काही नाही," मी म्हटलं. "आमच्या गावाकडच्या गोष्टी."

"ग्रँड," तो म्हणाला आणि परत पाइप सुरू केला.

पुढे दोन आठवड्यांत वीतभर उंचीच्या दीडशे झाडांना फुलं आली. पिवळी पानं, काडीसारखे देठ, टोकाला चार फुलं. बी पेरलं त्याहून कमी मिळालं. डेक्लन एकेका कुंडीपाशी वाकून बघत होता. त्याने खिशातला कागद काढून परत वाचला, जणू त्यात काही चुकलं असेल. नोराबाई त्याला एकच वाक्य बोलल्या, पण माझ्या समोर आणि फार थंडपणे. "तुला झाडं सांभाळता येत नाहीत, डेक्लन. आलीच नाहीत कधी."

त्याची शीळ बंद झाली. सप्टेंबरात तो ऑस्ट्रेलियाला गेला, पर्थकडे, खाणीत यंत्र चालवायला. जाताना इराला भेटायला घरी आला होता. मी त्याला चहा दिला. इरा काठी छातीशी धरून जिन्यावर बसून राहिली, खाली आलीच नाही. तो गेल्यावर तिने मला विचारलं, आणि त्या एकदाच मराठीत विचारलं, "तो का गेला, बाबा?"

मी म्हटलं, "तिकडे काम चांगलं आहे."

त्या दिवशी मधुराला मी खरं सांगितलं. ती म्हणाली, "त्याला लिही." मी लिहिलं नाही. उद्या लिहू, म्हणत राहिलो.

२०१७च्या वसंतात नोराबाईंनी उरलेल्या बियांचं पाकीट माझ्यापुढे ठेवलं. "या वेळी तू."

मी कागदी कुंड्यांमध्ये बी टाकलं, म्हणजे नंतर मुळांना हातच लावायला नको. बाराव्या दिवशी कागदातून मुळांची पांढरी टोकं डोकावली. त्याच दिवशी कागदासकट रोप मोठ्या कुंडीत ठेवलं, जराही न हलवता. कुंडी आदल्या दिवशीच भिजवून वाफशावर आणलेली. पाणी पिंपात भरून काचघरातच ठेवलेलं, रोपाला थंडी वाजू नये म्हणून. पहिल्यांदा रोपाभोवती बांगडीएवढ्या गोलात थोडंसं पाणी दिलं. मग कुंडी हलकी लागेपर्यंत थांबायचं. पुढच्या वेळी गोल जरा मोठा. मुळं पाण्याच्या शोधात बाहेर सरकतात, आपण त्यांच्या पुढे पुढे जायचं. सगळं काम एवढंच आहे. त्यातलं निम्मं पाणी न घालण्याचं. पाइप हातात असताना न घालणं फार अवघड जातं.

झाडं माझ्या छातीला लागली. जूनमध्ये नर झाडांचा पराग उडायला लागला आणि माझा काळा स्वेटर पिवळा झाला. ऊन आलं की सगळं काचघर त्या हिरव्या, तिखट वासाने भरून जायचं. एका सकाळी झाडांच्या मधून चालताना मी सहज मोठ्याने म्हणालो, "डेक्लन, हे बघ." टेबलांच्या पलीकडे नोराबाई होत्या. त्यांनी ऐकलं. त्या माझ्याकडे न बघता कुंड्या पुसत राहिल्या.

बी भरपूर मिळालं. शेतकऱ्यांनी नेलं, पुढच्या वर्षी परत मागायला आले. आसपासच्या दोन-तीन शेतांत ती झाडं वाऱ्यावर हलताना मी पाहिली आहेत. त्याचा मला अभिमान आहे, नाही म्हणणार नाही. पण शनिवारी इराला मैदानावर मी नेऊ लागलो होतो आणि गाडीत आम्ही दोघं फारसं बोलत नसू.

२०१९मध्ये नोराबाईंच्या कमरेचं हाड मोडलं. बरं झालं, पण गमबूट घालून दिवसभर उभं राहणं संपलं. काचघर चालवायला मागे कुणी नव्हतं. मी घेईन का, असं त्यांनी विचारलं होतं. पण मधुराची नोकरी त्याच वर्षी कॉर्कला हलली आणि इराची शाळा, घर, सगळंच हललं. जागा घरं बांधणाऱ्याला विकायचं ठरलं. 'हो' म्हणालो असतो तर काय झालं असतं, हा विचार अजूनही गोदामाच्या पार्किंगमध्ये गाडी बंद केल्यावर मिनिटभर येतो.

शेवटच्या दिवशी सकाळी आम्ही दोघंच होतो. टेबलं रिकामी. नोराबाई काठी टेकून चालत एकेक खिडकी लावत होत्या, जणू उद्या परत उघडायच्या आहेत. मी म्हटलं, "मला तुम्हाला एक सांगायचंय. पहिल्या हेम्पच्या वेळी डेक्लन पाणी जास्त घालत होता. मला तिसऱ्याच दिवशी कळलं होतं. मी बोललो नाही."

त्या थांबल्या. खिडकीची कडी त्यांच्या हातातच होती.

"का?"

"राग होता. टोमॅटोच्या वेळचा."

त्यांना टोमॅटो आठवेनात. मी सांगितलं. त्या पालथ्या घातलेल्या क्रेटवर बसल्या. मला वाटलं, आता मला जायला सांगतील.

"विल," त्या म्हणाल्या, "मी चाळीस वर्षं रोपं लावलीयत. तुला काय वाटतं, मला दिसत नव्हतं?"

मी दुसरा क्रेट ओढून त्यांच्यासमोर बसलो.

"तो मला विचारेल, अशी वाट बघत होते. एकदा तरी येऊन विचारेल, मावशी, कसं करू? त्याने विचारलं नाही. मग मीही सांगितलं नाही. आणि वर त्याला तसं बोलले."

दोन जाणती माणसं एकाच काचघरात, त्याच झाडांकडे बघत, आपापला मान सांभाळत उभी होती. आणि मधे तो एकटा पाणी घालत होता.

"फोन लाव त्याला," नोराबाई म्हणाल्या. "तिकडे आत्ता संध्याकाळ असेल."

नंबर त्यांच्याकडे होता. नाताळला आणि वाढदिवसाला दोन मिनिटं बोलणं व्हायचं, हवापाण्याचं. मी त्यांच्याच फोनवरून लावला. त्याचा आवाज आला, थोडा जाड झालेला. "मावशी? काय झालं? बरी आहेस ना?"

"मी विल बोलतोय," मी म्हटलं. आणि मग जे सांगायचं होतं ते सांगितलं. रविवारी त्या लिमरिकच्या माणसांशी काय बोलत होतो तेही सांगितलं.

"दीडशेच्या दीडशे," तो शेवटी म्हणाला. "मी स्वतः फेकली ती. एकेक."

"हो."

"तुझ्यावर चिडायला हवं मी."

"चीड."

मग तो म्हणाला, "इरा खेळते अजून?"

"खेळते. काउंटीच्या ज्युनिअर संघात घेतलंय."

"खरंच?" त्याचा आवाज एकदम पूर्वीसारखा झाला. मग जरा थांबून, "मावशी आहे तिथे? तिला माहीत आहे हे?"

मी नोराबाईंकडे बघितलं. त्यांनी हात पुढे केला होता. मी फोन त्यांच्या हातात दिला आणि बाहेर आलो, दार लावून घेतलं.

काचेतून त्या दिसत होत्या. क्रेटवर बसलेल्या, काठी मांडीवर आडवी, फोन दोन्ही हातांनी कानाशी धरलेला. आधी त्याच बोलत होत्या. मग बराच वेळ फक्त ऐकत होत्या. एकदा त्यांनी बाहीने डोळे पुसले. एकदा हसल्यासारख्या वाटल्या. शब्द काही ऐकू येत नव्हते.

रस्त्यावर एक गाडी थांबली. जागा घेणाऱ्यांचा माणूस होता, किल्ल्या न्यायला आलेला. त्याने घड्याळ बघितलं, आत डोकावला आणि मला विचारलं, "बाईंचं होईल का लवकर?"

"नाही," मी म्हटलं. "वेळ लागेल."

तो परत गाडीत जाऊन बसला. मी दारातच उभा राहिलो.